लाईट कुणी घालवली?

कंधारला लाईट गेली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आपलीच गेली का गावाची?" कुणीतरी गच्चीवर, जुन्या घरात माळवदावर, चढून पाहतं. शेजारच्या गल्लीत उजेड दिसला तर डीपीवरचा फ्यूज उडाला असणार. सगळं गाव काळं दिसलं तर सबस्टेशनला फोन. तिथून उत्तर येतं, "वरूनच गेलीय." हे 'वर' म्हणजे नांदेड, मुंबई की थेट वरचा, हे आजवर कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. लाईट आली की विषय संपतो.

गेले काही महिने मी अण्वस्त्रं आणि सायबर हल्ले याबद्दल जमेल तसं वाचतोय (सौ.च्या मते हे रिकामपणाचं लक्षण आहे). वाचता वाचता सारखं हे 'वरूनच गेलीय' आठवत राहतं. सिनेमात दाखवतात तसा कुणी पोरगा लॅपटॉपवर बोटं बडवतो आणि कुठलंतरी क्षेपणास्त्र उडतं, ही भीती मला फारशी वाटत नाही. अण्वस्त्रांच्या यंत्रणा इंटरनेटला जोडून ठेवण्याइतकं वेडं कुणी नसावं. मला भीती वाटते ती वेगळीच. ऐन तणावाच्या दिवसांत काहीतरी बंद पडेल, आणि ते बिघडलं, कुणी चेष्टा केली की शत्रूने मुद्दाम केलं हे कळायच्या आतच कुणाला तरी फार मोठा निर्णय घ्यावा लागेल.

हे हवेत बोलत नाही. आपल्याच राज्यात याचा नमुना घडून गेलाय.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, माणसं रुळांवरून चालत निघाली, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कोविडचे दिवस, त्यात रुग्णालयं जनरेटरवर. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या असं सांगण्यात आलं. अशा वेळी मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून आपोआप तोडून शहराच्या स्वतःच्या विजेवर चालू ठेवणारी 'आयलंडिंग' नावाची व्यवस्था आहे. ती नेमकी त्याच दिवशी चालली नाही. दोनच दिवसांत तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली. चार महिन्यांपूर्वी, १५ जूनला, गलवानमध्ये आपले २० जवान गेले होते हेही लक्षात घ्या.

मग फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस 'रेकॉर्डेड फ्युचर' या अमेरिकन कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित एका गटाने भारतातल्या वीजयंत्रणेत, प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांपर्यंत घुसखोरी केल्याचं त्यात होतं. (भार प्रेषण केंद्र म्हणजे कुठल्या वाहिनीतून किती वीज सोडायची हे क्षणाक्षणाला ठरवणारी जागा. राज्याचं केंद्र ऐरोलीला आहे.) मुंबईच्या अंधाराशी या घुसखोरीचा संबंध आपण सिद्ध करू शकत नाही, असंही त्या कंपनीने सांगितलं होतं. पण बातमीत एवढं सगळं कोण वाचतो! १ मार्चला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाचा अहवाल पुढे केला: वीज मंडळाच्या सर्व्हरमध्ये १४ 'ट्रोजन हॉर्स' घातले गेले असावेत, बाहेरून ८ जीबी हिशेबाबाहेरचा डेटा आला असावा. लगेच दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक होती, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. उत्तर आणि दक्षिण विभागाच्या केंद्रांवर हल्ले झाले खरे, पण ते प्रत्यक्ष वीज चालवणाऱ्या प्रणालीपर्यंत पोहोचले नाहीत.

आता राज्यात एक सरकार, केंद्रात दुसरं, त्यामुळे राजकारण असणारच. ते सोडून देऊ. माझ्या डोक्यात बसलाय तो हिशेब दिवसांचा आहे. घटना घडून साडेचार महिने उलटले होते, सगळी यंत्रं आपल्याच ताब्यात, माणसं आपलीच, कागद आपलेच. तरीही एकाच देशातल्या दोन मंत्र्यांचं 'लाईट कुणी घालवली' यावर एकमत नव्हतं. दिल्लीहून इस्लामाबाद किंवा इस्लामाबादहून दिल्ली, क्षेपणास्त्राला लागतात जेमतेम काही मिनिटं.

हे इतकं अवघड का जातं? एक कारण असं की हेरगिरी आणि घातपात या दोन्हींची सुरुवात अगदी सारखी असते. कुणी रात्री तुमच्या घरात शिरला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभा दिसला, तर तो भांडी मोजायला आलाय की गॅस उघडा सोडायला, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. संगणकातही तेच. आत शिरायची वाट तीच, लपून बसायची पद्धत तीच. तो फक्त पाहतोय की वेळ आल्यावर बटण बंद करणार आहे हे त्याच्या मनात असतं, यंत्रात दिसत नाही. त्यात आजकाल एकच उपग्रह, एकच रडार, एकच दळणवळणाची वाहिनी साध्या लढाईलाही वापरतात आणि अण्वस्त्रांच्या इशाऱ्यालाही. म्हणजे समोरच्याने तुमच्या रणगाड्यांच्या हालचाली कळाव्यात म्हणून डोकावायचं, आणि तुम्हाला वाटायचं की हा आपली अण्वस्त्रं आंधळी करतोय.

दुसरं कारण आपलं स्वतःचं आहे: पहिली प्रतिक्रिया नाकारण्याची. कुडनकुलमचंच पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या एका संगणकात घातक सॉफ्टवेअर असल्याचं सरकारी यंत्रणेला कळलं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस बातमी फुटली. २९ तारखेला अणुकेंद्राने सांगितलं, असं काही झालेलंच नाही, हल्ला शक्यच नाही. ३० तारखेला अणुऊर्जा महामंडळाने (याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे) मान्य केलं की झालं, पण कार्यालयीन जाळ्यातल्या एका संगणकात, अणुभट्टीच्या यंत्रणेशी त्याचा संबंध नव्हता. हे दुसरं निवेदन खरं असावं असं मला वाटतं. पण आदल्या दिवशी 'नाही' म्हणून बसल्यावर दुसऱ्या दिवशीच्या 'हो, पण' वर लोकांनी किती विश्वास ठेवायचा? आणि आपले लोक ठेवतील एकवेळ, पलीकडचा देश कशाला ठेवेल?

याबाबतीत आपली शिकवणी खरं तर फार लवकर सुरू झाली होती. मे १९९८ मध्ये पोखरणचे स्फोट झाले आणि जूनमध्ये ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत 'मिलवर्म' नावाचा गट घुसला. ईमेल पळवले, संकेतस्थळावर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावलं. कोण होते हे? वेगवेगळ्या देशांतली पंधरा ते अठरा वर्षांची पोरं! त्यांनीच मुलाखती देऊन सांगितलं म्हणून कळलं. गप्प बसली असती तर त्या महिन्यात संशय कुणावर गेला असता हे सांगायला नकोच.

आता खऱ्या अर्थाने घाबरवणारी गोष्ट. हिच्यात संगणकही नाही, नुसता फोन आहे.

२८ नोव्हेंबर २००८. मुंबईत ताजमध्ये अजून गोळीबार चालू होता. त्या दिवशी पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झरदारी यांना फोन आला: मी भारताचा परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी बोलतोय. फोनवर युद्धाची धमकी. पाकिस्तानचं हवाई दल अतिदक्षतेवर गेलं. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कॉन्डोलिझा राईस यांची मुखर्जींना गाठण्यासाठी धावपळ झाली, तेव्हा निघालं काय, तर मुखर्जींनी असा फोन केलेलाच नव्हता. त्याच माणसाने राईस यांच्याशीही बोलायचा प्रयत्न केला होता, पण तिथे खातरजमेच्या पद्धतीत तो अडकला. अण्वस्त्रं असलेल्या देशाच्या प्रमुखापर्यंत मात्र सरळ पोहोचला. वर्षभराने पाकिस्तानच्या 'डॉन' या वृत्तपत्राने छापलं की तो फोन उमर सईद शेखने हैदराबादच्या तुरुंगातून मोबाईलवरून केला होता.

हैदराबाद म्हणजे सिंधमधलं, आपलं निजामाचं नव्हे. आणि उमर शेख कोण? डिसेंबर १९९९ मध्ये आयसी ८१४ विमानाच्या बदल्यात ज्या तिघांना सोडावं लागलं त्यातला एक. सोडलं कुठे, तर कंदाहारला. (पुण्या-मुंबईत 'मी कंधारचा' म्हटलं की अजूनही कुणीतरी विमानाचा विषय काढतं. आमच्या कंधारला राष्ट्रकूटांचा किल्ला आहे, मन्याड नदी आहे, विमानतळ नाही, हे मी पंचवीस वर्षं सांगतोय.) असो. सांगायचं हे की नाव ऐकून गैरसमज व्हायला वेळ लागत नाही, आणि त्या रात्री तर खुद्द नावच खोटं होतं. आज आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअर मोबाईलवर फुकट मिळतात. २००८ मध्ये त्या माणसाकडे होती ती फक्त हिंमत.

याच्या उलट बाजूचा प्रसंग ९ मार्च २०२२ चा, आणि त्यात चूक आपली होती. संध्याकाळी आपलं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यात स्फोटकं सज्ज नव्हती, कुणी दगावलं नाही. आपण ते जाहीरपणे मान्य केलं ११ मार्चला. म्हणजे दोन दिवस! ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. क्षेपणास्त्राची जोडणी सोडवायची राहून गेली असं पुढे न्यायालयातल्या कागदांतून बाहेर आलं. ज्याने कधी मोटरची वायरिंग केली आहे त्याला हा प्रकार समजेल. पाकिस्तानने तेव्हा संयम ठेवला, कारण मार्च २०२२ मध्ये दोन्ही देशांत तुलनेने शांतता होती. हेच क्षेपणास्त्र फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी सुटलं असतं तर? 'चुकून सुटलं' हे कुणी ऐकून घेतलं असतं का? शिवाय दोन्ही देशांत क्षेपणास्त्र चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा २००५ चा करार आहे, पण तो बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता. ब्राह्मोस क्रूझ प्रकारातलं, ते करारात बसतच नाही.

सगळा खेळ वेळेचा आहे. आमच्या किल्ल्याभोवती पाण्याने भरलेला खंदक आहे. लहानपणी वाटायचं, एवढ्या पाण्याने शत्रू कसा अडणार, पोहून येईल की! खंदक शत्रूला कायमचा अडवत नाही, उशीर करतो, हे पुष्कळ उशिरा समजलं. तेवढ्या वेळात आतल्यांनी पाहायचं, कोण आलंय, किती आलेत, आपले तर नाहीत ना. भारताच्या अण्वस्त्रांभोवतीही अनेक वर्षं असा एक खंदक होता असं जाणकार सांगतात: स्फोटकं एकीकडे, क्षेपणास्त्रं दुसरीकडे. जोडायलाच वेळ लागायचा. आता अग्नी-५ सारखी क्षेपणास्त्रं बंद नळकांड्यात तयार ठेवता येतात, अरिहंत आणि अरिघातसारख्या पाणबुड्या आहेत, आणि पाणबुडीत बॉम्ब आणि क्षेपणास्त्र वेगळं ठेवून भागत नाही. पाणबुड्यांमुळे एक फायदा आहेच, पहिला घाव सोसूनही उत्तर देता येतं, म्हणून घाई करायची गरज कमी. पण तिच्यापर्यंत आदेश पोहोचवणारी वाहिनी शाबूत आहे की नाही अशी शंका कुणी पेरली, की हा फायदाही डळमळतो. जानेवारी २००३ च्या धोरणाप्रमाणे आपण अण्वस्त्र आधी वापरणार नाही. पाकिस्तानने तसं कधी म्हटलेलं नाही. २००२ च्या सुमारास त्यांच्या अण्वस्त्रांचा कारभार पाहणाऱ्या जनरल खालिद किडवाई यांनी इटालियन अभ्यासकांना ज्या परिस्थिती सांगितल्या त्यात देशाची आर्थिक कोंडी हीसुद्धा एक होती. मग कराचीची वीज आणि बँका आठवडाभर बंद पाडल्या तर ती कोंडी धरायची का? हे कुणी आधी ठरवून ठेवलंय?

मे २०२५ मध्ये हे सगळं आपण खिशातल्या फोनवर पाहिलं. ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि आमच्या भावकीच्या ग्रुपवर निरोप आला: पाकिस्तानच्या सायबर हल्ल्याने भारताची ७० टक्के वीज बंद! कंधारच्या चुलतभावाने खाली लिहिलं, "दादा, आमच्याकडं आहे बरं का लाईट, आज चक्क आहे." हसलो सगळे. पीआयबीनेही ती बातमी खोटी असल्याचं जाहीर केलं. पण तोवर ती किती फिरली असेल! राज्याच्या सायबर विभागाने नंतर सांगितलं की पहलगामनंतर देशातल्या संकेतस्थळांवर १५ लाखांहून जास्त हल्ले झाले, यशस्वी झाले ते फक्त १५०. त्यात कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचं संकेतस्थळ होतं. मुंबई विमानतळाचा डेटा चोरल्याचा दावा मात्र खोटा निघाला. नगरपरिषदेचं पान बिघडवणं म्हणजे भिंतीवर कोळशाने शिवी लिहिण्यासारखं. चीड येते, पण भिंत पडत नाही. त्याच दिवसांत पाकिस्तानातल्या किराणा हिल्सच्या अणुसाठ्यावर आपण मारा केला आणि किरणोत्सर्ग झाला अशी अफवा उठली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने कुठेही गळती नसल्याचं सांगितलं. १० मेच्या संध्याकाळी पाचला लढाई थांबली ती कशाने? दोन्हीकडच्या डीजीएमओंच्या फोनवरच्या बोलण्याने. १९७१ पासूनची ही फोनची सोय, तिच्यावर माझा इतर कुठल्याही यंत्रणेपेक्षा जास्त विश्वास आहे.

माझा एक मित्र (फौजेत होता, म्हणून त्याचं ऐकून घेतो) म्हणतो, सायबर हे तर उलट चांगलं शस्त्र आहे. रक्त सांडत नाही, दुसऱ्याला अद्दल घडते, आपण का हात बांधून घ्यायचे? त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. वीस जवान जाण्यापेक्षा चार सर्व्हर गेलेले बरे, हे कुणीही कबूल करेल. पण अद्दल घडायची तर समोरच्याला कळायला हवं की कुणी मारलं आणि किती मारलं, आणि नेमकं तेच इथे कळत नाही. तो त्याच्या भीतीप्रमाणे अर्थ लावतो. म्हणून सगळं बंद करा असं मी म्हणत नाही. काही दारं मात्र दोघांनीही सोडून द्यावीत: अण्वस्त्रांचे आदेश आणि इशारे ज्या वाहिन्यांवरून जातात त्या, आणि अणुकेंद्रं. तिथे डोकावायचंसुद्धा नाही.

"पाकिस्तानशी कसले करार करता?" हा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. उत्तर असं की एक करार चाललाय. ३१ डिसेंबर १९८८ ला दोन्ही देशांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचं लिहून दिलं, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांच्या हाती दिल्या जातात. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, २६/११ झालं, पुलवामा झालं, याद्या जात राहिल्या. १ जानेवारी २०२५ ची ३४ वी खेप होती. त्या करारात हल्ला म्हणजे विमानातून बॉम्ब एवढंच लिहिलेलं नाही. अणुकेंद्राचं नुकसान करण्याच्या हेतूने केलेली कुठलीही कृती, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, असं आहे. म्हणजे संगणकातून केलेली कृतीही त्यात बसते. दोघांनी ते एकदा उघडपणे म्हणावं, नवा कागदही लागणार नाही. फेब्रुवारी १९९९ च्या लाहोरच्या कागदात तर 'ज्याचा उलगडा होत नाही अशी घटना' घडली तर लगेच कळवायचं असंही मान्य केलेलं आहे. तीन महिन्यांत कारगिल झालं आणि ते वाक्य तसंच पडून राहिलं. चीनशी तर आपली अशी यादीही नाही, आणि वीजयंत्रणेत शिरल्याचा संशय त्यांच्यावर जास्त.

आणि घरचं काम वेगळंच. विमान पडलं की ३० दिवसांत प्राथमिक अहवाल द्यायचा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो अपुरा असतो, लोक शिव्या देतात, तरी काहीतरी एक कागद सगळ्यांसमोर येतो आणि वाद त्या कागदावर होतो. मुंबईच्या अंधारावर समित्या बसल्या, पण सामान्य माणसाच्या लक्षात राहिले ते दोन मंत्री आणि दोन गोष्टी. सायबर घटना घडली की सहा तासांत 'सर्ट-इन'ला कळवायचं आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या, हा नियम एप्रिल २०२२ मध्ये निघाला आहे. म्हणजे सरकारला कळण्याची सोय झाली. लोकांना किती दिवसांत सांगायचं याची मुदतही त्याला जोडता येईल. सुरुवातीला वीज, रेल्वे आणि अणुकेंद्रं एवढ्यापुरती ठेवली तरी चालेल.